सिलिंडर फुटला नव्हता, मग घराचे पत्रे उडाले कसे?

मांजराकाठ

औसा तालुक्यातलं आमचं गाव. गेल्या महिन्यात चुलत्याच्या शेजारच्या घरात पहाटे भडका उडाला. काकू चहाला उठल्या, लाईटचं बटण दाबलं आणि त्याच क्षणी सगळं झालं. स्वयंपाकघराचे तीन पत्रे उडून पलीकडच्या अंगणात पडले, दार चौकटीसकट बाहेर आलं. काकूंचे दोन्ही हात आणि चेहऱ्याची एक बाजू भाजली. सध्या लातूरला दवाखान्यात आहेत, जिवाचा धोका टळलाय.

गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "टाकी फुटली." मी दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं. टाकी जागेवर उभी होती. बाहेरून काळी पडलेली, पण कुठं फुगलेली नाही की चिरलेली नाही. रेग्युलेटर बसलेलाच. रबरी नळी मात्र शेगडीच्या मागच्या बाजूला उंदरानं कुरतडलेली, बोटाचं नख जाईल एवढी फट.

मी चौदा वर्षं बॉयलरच्या देखभालीवर काम करतो, म्हणून हे लिहायला बसलो. "टाकी फुटली" असं म्हटलं की लोक टाकीला भितात आणि नळीकडं कुणी बघत नाही.

त्या रात्री काय झालं ते माझ्या समजुतीप्रमाणं सांगतो. शेगडीची बटणं बंद होती, पण टाकीचा रेग्युलेटर चालू होता. म्हणजे नळीत रात्रभर गॅस भरलेला. आपल्या घरातला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. तो धुरासारखा वर जात नाही, पाण्यासारखा खाली पसरतो. ओट्याखाली, पिठाच्या डब्यामागं, उंबऱ्याच्या आत साचतो.

आता हिशोब बघा. दहा बाय दहाची खोली, उंची दहा फूट. म्हणजे साधारण २८ घनमीटर हवा. हा गॅस हवेत २ टक्क्यांच्या आसपास झाला की पेट घेतो आणि ९ टक्क्यांच्या वर गेला की हवा कमी पडून पेटत नाही. २८ घनमीटरचे २ टक्के म्हणजे अर्धा घनमीटर, वजनात सव्वा किलोच्या आसपास. टाकीत १४.२ किलो असतो. आणि गॅस खोलीभर सारखा पसरतच नाही. जमिनीलगतच्या एक फुटाचाच विचार केला तर अर्धा पाव गॅससुद्धा पुरतो.

पत्रे कसे उडाले, हा दुसरा प्रश्न. पूर्ण बंद भांड्यात असं मिश्रण पेटलं तर दाब आठपटीपर्यंत चढतो. घर काही बंद भांडं नाही, त्याच्या कितीतरी आधी काहीतरी सुटतं. पण दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या विसाव्या भागानं वाढला तरी प्रत्येक चौरस मीटर पत्र्यावर अर्ध्या टनाचा रेटा येतो. चार हुकांवर बसलेला पत्रा तो कसा सोसणार? जुन्या माळवदाच्या घरात हेच झालं असतं तर वरची माती अंगावर आली असती, हेही मनात येऊन गेलं.

म्हणजे टाकी नाही फुटली, खोली फुटली. आणि गंमत नाही, पण खरंय ते असं की मोटारसायकलच्या इंजिनात मिनिटाला हजारो वेळा नेमकं हेच होतं. इंधनाची वाफ, मापात हवा, एक ठिणगी. तिथं पिस्टन ढकलला जातो, इथं पत्रा.

मला या धाग्यावर इंजिनवाले, शेतकरी, शिक्षक सगळ्यांकडून ऐकायचंय. आपल्या भागात आग कशी लागते, ती कुणी डोळ्यांनी बघितलीय, काय केलं.

गोदाकाठची लेक

काकूंबद्दल वाचून फार वाईट वाटलं, दादा. मी नांदेडची. एक विचारायचंय. गॅस गळला की वास येतो ना? रात्रभर वास कुणालाच कसा आला नाही? आमच्याकडं सासूबाईंना सर्दी झाली की त्यांना जळालेली भाजीसुद्धा कळत नाही, म्हणून भीती वाटली.

मांजराकाठ

ताई, तुमची भीती रास्त आहे. गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. सडक्या कोबीसारखा येतो तो इथाइल मरकॅप्टनचा, मुद्दाम मिसळलेला. पेट घेण्याइतका गॅस साचायच्या कितीतरी आधी नाकाला कळावा एवढा तो घालतात. पण झोपेत माणसाला वासानं जाग येईलच असं नाही. शिवाय हळूहळू वाढणाऱ्या वासाला नाक सरावतं. आणि गॅस जमिनीलगत, माणूस बाजेवर.

वास आला तर लाईटचं बटण चालूही करायचं नाही आणि चालू असेल तर बंदही करायचं नाही. ठिणगी दोन्ही वेळेला पडते. फ्रिज, एक्झॉस्ट पंखा, सगळं आहे तसं सोडायचं. दारं-खिडक्या उघडून, जमत असेल तर रेग्युलेटर बंद करून बाहेर. फोन अंगणात जाऊन लावायचा, गॅसगळतीचा क्रमांक १९०६. उंबऱ्यापाशी साचलेला गॅस खराट्यानं बाहेर लोटावा असं जुन्या बायका करायच्या, ते बरोबरच होतं.

सासूबाई एकट्या असतात तेव्हा रात्री रेग्युलेटर बंद असेल एवढं बघा. शेगडीचं बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण गळती बहुतेक वेळा नळीत असते. नळी पाच वर्षांनी बदलायचीच. आणि तिच्यावर प्लास्टिकचं झाकण घालू नका, आत उंदीर काय करतोय ते दिसत नाही.

परभणीचा मास्तर

आठवीला विज्ञान शिकवतो. वर्गात एक प्रयोग दरवर्षी करतो तो इथं सांगण्यासारखा आहे. मेणबत्ती पेटवायची, फुंकून विझवायची. वातीतून पांढरी धुराची रेघ वर निघते. पेटती काडी वातीला न लावता त्या रेघेला, दोन बोटं वर लावायची. ज्योत धुरावरून खाली उडी मारून वातीवर जाते. मुलं दरवेळी ओरडतात. तो धूर म्हणजे मेणाची वाफ. मेण जळत नाही, मेणाची वाफ जळते. लाकूडसुद्धा तसंच, तापून त्यातून निघालेला वायू आधी जळतो.

हे एकदा डोक्यात बसलं की पेट्रोल आणि रॉकेल यांतला फरक आपोआप कळतो. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपाससुद्धा पेटण्याइतकी वाफ सोडतं. म्हणजे आपल्याकडं बाराही महिने ते काडीची वाटच बघत असतं. रॉकेल आणि डिझेल यांना त्यासाठी थोडं तापावं लागतं. आपल्याकडं त्याची किमान मर्यादा ३५ अंश ठरवलेली आहे. पुष्कळ वेळा प्रत्यक्षातला आकडा त्याहून वर असतो. म्हणून थंडीत वाटीतल्या रॉकेलला काडी लावली तर काडी विझते. चिमणी पेटते ती वातीमुळं. वात थेंबभर रॉकेल वर ओढते आणि तेवढंच तापवते.

आता माझा मुद्दा. परभणीत मे महिन्यात पारा ४४च्या पुढं जातो. पत्र्याच्या शेडमध्ये, उन्हातल्या लोखंडी ड्रममध्ये तर त्याहून जास्त. म्हणजे जानेवारीत ज्या डिझेलला काडीनं पेट घेतला नसता, तेच डिझेल मे महिन्यात त्या शेडमध्ये पेट्रोलसारखं वागू शकतं. "डिझेलला काय होतंय" म्हणून ड्रमशेजारी बिडी ओढणारे मी बघितलेत. त्यांचा अनुभव खोटा नसतो, तो हिवाळ्यातला असतो.

मांजराकाठ यांनी दिलेल्या मर्यादांत थोडी भर घालतो, म्हणजे तुलना होईल. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के, गोबरगॅसमधला मिथेन ५ ते १५, हायड्रोजन ४ ते ७५. वेल्डिंगच्या असिटिलीनचा पल्ला तर हायड्रोजनहूनही रुंद, आणि खालची मर्यादा अडीच टक्के. गॅस कटरवाल्याची टाकी आडवी पडलेली दिसली की माझ्या पोटात गोळा येतो.

फिटर बीड

मास्तर, लई चांगलं सांगितलंत. मी बीडच्या बायपासला तीस वर्षं डिझेल इंजिनं उघडतोय. मला लिहायची सवय नाही, गोड मानून घ्या.

पेट्रोल आणि डिझेलचं एक कोडं बगा. ठिणगीला पेट्रोल लगेच पेटतं, डिझेल नाही. पण ठिणगी न दाखवता नुसतं तापवत गेलं तर आधी डिझेल पेटतं. सव्वादोनशे अंशांच्या आसपास. पेट्रोलला अडीचशेच्या पुढं जावं लागतं. म्हणून डिझेल इंजिनाला प्लग नसतो. आत नुसती हवा घ्यायची, सतरा-अठरा पट दाबायची. दाबल्यावर ती पाचशे अंशांच्या वर जाते. त्यात डिझेलचा फवारा मारला की आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेलनं १८९७ मध्ये इंजिन चालवून दाखवलं, तेव्हापासून तत्त्व तेच. पेट्रोल इंजिनात हवा आणि वाफ आधीच मिसळलेली असते, म्हणून दाब जास्त देता येत नाही, दहापट-अकरापट बस्स. जास्त दिला की ठिणगीच्या आधीच कोपऱ्यात पेटतं आणि इंजिन ठोका मारतं. पूर्वी रिक्षावाले पेट्रोलात निळं रॉकेल मिसळायचे. चढाला ठोका आला की मी टाकीचं झाकण उघडून हुंगायचो.

याचा आगीशी संबंध असा की ट्रॅक्टरची डिझेलची नळी गळून तेल तापलेल्या सायलेन्सरच्या मुळाशी पडलं तर ठिणगीची गरजच नाही. तिथं लोखंड लालभडक नसलं तरी डिझेल पेटायला पुरेल एवढं तापलेलं असतं. माझ्या गॅरेजला आलेल्या जळालेल्या ट्रॅक्टरांत बॅटरीच्या वायरीनंतर दुसरं कारण हेच.

आता आबांच्या विहिरीवरची गोष्ट. पाच घोड्यांचं इंजिन, हँडल मारून चालू करायचं. मी नववीला होतो. एअर फिल्टरच्या वाटीत तेल घालायला मला सांगितलं, मी रेघेच्या वर, काठोकाठ भरलं. इंजिन चालू झालं आणि पाच मिनिटांत आवाज चढत गेला. काळा धूर, मग पांढरा. पट्टा फटफटायला लागला. आबांनी डिझेलचा कॉक बंद केला. थांबेना! कारण ते डिझेलवर चालतच नव्हतं, हवेबरोबर वाटीतलं तेल ओढून त्याच्यावर पळत होतं. आबांनी ओल्या पोत्याची चौघडी करून हवेच्या तोंडावर दाबून धरली. दोन हिसके देऊन इंजिन मेलं. त्या दिवशी मला कळलं की इंधन तोडता येत नसेल तर हवा तोडायची. आजकालच्या गाड्यांत टर्बोचं, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचं, सील गेलं की इंजिन असंच स्वतःचं ऑईल खाऊन पळतं. चावी काढून उपयोग नसतो. गाडी मॅन्युअल असेल तर वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडायचा. जमलं नाही तर लांब व्हायचं, बॉनेटवर वाकायचं नाही.

रिकाम्या टाकीबद्दलही सांगतो, कारण यात आमच्या धंद्यातली माणसं गेलीत. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी वाईट. पेट्रोलनं भरलेल्या टाकीत वाफ एवढी दाट असते की आत हवा पुरत नाही. रिकामी, दोन दिवस उघडी ठेवलेली टाकी म्हणजे वाफ आणि हवा बरोब्बर मापात. डिझेलची टाकी कोरडी वाटते, पण वेल्डिंगच्या आचेनं सांध्यातलं, गंजातलं तेल वाफ होऊन बाहेर येतं.

कन्नडचा वेल्डर

फिटरभाऊ, आमच्याकडं टाकीला टाका मारायच्या आधी चालू ट्रॅक्टरच्या सायलेन्सरला पाईप लावून धूर टाकीत सोडतात. धुरात हवा नसते म्हणून पेटत नाही म्हणतात. मी दोन-चार टाक्या तशाच केल्यात. बरोबर आहे का हे?

फिटर बीड

भाऊ, हात जोडून सांगतो, परत करू नका. डिझेल इंजिन रिकामं चालतं तेव्हा ओढलेल्या हवेतली बरीचशी हवा न जळता तशीच बाहेर पडते. साध्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन, त्या धुरात १५ टक्क्यांच्या वर असू शकतो. पेटायला ११-१२ पुरतो. तुमच्या टाक्या वाचल्या त्या दुसऱ्या कशानं तरी.

टाकी उतरवायची, गरम पाण्यानं साबण घालून दोन-तीनदा धुवायची, मग सांध्याच्या खाली चार बोटं राहतील एवढं पाणी भरायचं आणि झाकण उघडं ठेवून टाका मारायचा. आत जागाच कमी राहिली की वाफ साचणार कुठं. पेट्रोलच्या टाकीला तर मी हातच लावत नाही, नवी टाका म्हणून सांगतो.

पिकअपवाला जालना

माझी गाडी सीएनजीवर आहे. घरचे म्हणतात बॉम्ब घेऊन फिरतोस. आत दोनशे बारचा दाब असतो हे खरं. एलपीजीपेक्षा हे जास्त धोक्याचं का कमी?

मांजराकाठ

दाबाच्या बाजूनं बघितलं तर सीएनजीची टाकी जास्त ताणाखाली असते, म्हणून तिची पाण्याच्या दाबाची चाचणी दर तीन वर्षांनी करायचीच. पाटीवरची तारीख आज जाऊन बघा. गळतीच्या बाजूनं मात्र सीएनजी सोयीचा. तो मिथेन, हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा. मोकळ्यावर गळला की वर निघून जातो. पेटायला ५ टक्के लागतो आणि आपोआप पेटायला ५०० अंशांच्या पुढचं तापमान. पण गाडी रात्री पत्र्याच्या बंद शेडमध्ये लावत असाल तर तो आढ्यापाशी साचतो. एलपीजीला खाली झरोका लागतो, सीएनजीला वर. शेडला आढ्याजवळ फट ठेवा.

पिकअपवरून आठवलं. मागच्या हौद्यात प्लास्टिकचा कॅन ठेवून त्यात पेट्रोल भरून घेऊ नका. पेट्रोल वाहताना विजेचा भार तयार होतो, तो प्लास्टिकमधून जमिनीत उतरत नाही. कॅन खाली जमिनीवर ठेवायचा आणि नोझल तोंडाला टेकवून भरायचा. धातूचा असला तर उत्तम.

रेणापूरची बनीम

मी सोयाबीनवाला. दोन वर्षांमागं आमच्या भावकीतली सव्वा एकराची बनीम, म्हणजे कापून रचलेला सोयाबीनचा ढीग, जळाली. मळणी यंत्र चालू होतं, ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमधून ठिणगी उडाली असं सगळे म्हणाले. पण मला शंका आहे. आदल्या आठवड्यात परतीचा पाऊस पडला होता, ढीग ताडपत्रीखाली ओला दाबून ठेवला होता आणि धूर आतून निघताना मी बघितला. भुसकट आपोआप पेटतं का?

परभणीचा मास्तर

पेटू शकतं, दादा. ओल्या ढिगात जंतू वाढतात, त्यांच्यामुळं आतला भाग सत्तर अंशांपर्यंत तापतो. तिथं जंतू मरतात, पण तोवर ढिगाच्या आत रासायनिक क्रिया सुरू झालेली असते आणि उष्णता बाहेर पडायला वाट नसते. काही दिवसांनी आतला गाभा काळा पडतो. मग कुणी ढीग उकरला की हवा मिळते आणि भडका उडतो. मळणीला तुम्ही नेमका तो ढीग उकरला असणार.

लोखंडी सळई ढिगात खोल खुपसून अर्धा तास ठेवायची. काढल्यावर हातात धरवत नसेल तर ढीग उकरायच्या आधी पाण्याचा टँकर जवळ आणून ठेवा. ठिणगीची शक्यताही सोडू नका. सायलेन्सरच्या तोंडाला जाळी बसवा आणि ट्रॅक्टर वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभा करा, म्हणजे ठिणगी ढिगाकडं न जाता उलट दिशेला जाईल.

डाळमिल उदगीर

सगळे गॅस आणि तेलाबद्दल बोलताय, मी धुळीबद्दल सांगतो. तुरीच्या टरफलाचा भुगा पोत्यात भरलेला असेल तर काडीनं धड पेटत नाही. तोच भुगा एलिव्हेटरच्या, म्हणजे माल वर चढवणाऱ्या यंत्राच्या, बंद पाईपात उडत असेल आणि तापलेल्या बेअरिंगची ठिणगी पडली तर गॅससारखा फुटतो, कारण प्रत्येक कणाला चारी बाजूंनी हवा मिळते. आणि पहिला धक्का बसला की तुळयांवर वर्षानुवर्षं साचलेली धूळ खाली झडते, दुसरा भडका तिचा. तो पहिल्यापेक्षा मोठा. म्हणून आम्ही दर आठवड्याला तुळया झाडतो, तेही मिल बंद असताना, ओल्या फडक्यानं. हवेचा पाईप मारून धूळ उडवणारा कामगार दिसला की मी काम थांबवतो.

गोदाकाठची लेक

हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं. अजून एक. आता पेट्रोलात इथेनॉल २० टक्के आहे, त्यानं आगीचा धोका वाढलाय का? आमच्या रस्त्यानं साखर कारखान्याचे टँकर जातात.

फिटर बीड

ताई, गाडीच्या टाकीपुरतं फार काही बदललेलं नाही, आत पेट्रोलची वाफच जोरात असते. मायलेजला थोडा फटका बसतो, कारण इथेनॉलमध्ये लिटरमागं पेट्रोलच्या दोन तृतीयांश एवढीच उष्णता. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या मात्र त्यानं खराब होतात, तेवढ्या तपासून घ्या. नळी चिरली की आगीचं कारण तिथंच तयार.

टँकरचं वेगळं. त्यात निव्वळ इथेनॉल. त्याची ज्योत फिकट निळी, आपल्या भर उन्हात दिसतही नाही. उलटलेल्या टँकरजवळ आग दिसत नाही म्हणून बादली घेऊन धावणारी माणसं असतात. जाऊ नका, कुणाला जाऊ देऊ नका. ते पाण्यात विरघळतं, म्हणून अग्निशमनवाल्यांचा साधा फेसही त्याच्यावर टिकत नाही, वेगळा लागतो.

मांजराकाठ

सगळ्यांचे आभार. काकूंना परवा घरी आणलं. हातांवर अजून पट्ट्या आहेत, उजव्या हाताची बोटं पूर्ण वळत नाहीत. डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती इथं लिहितो. भाजल्यावर गावातल्या बायकांनी हातांना टूथपेस्ट फासली होती. ती काढताना काकूंना भाजण्याएवढाच त्रास झाला. भाजलं की साधं वाहतं गार पाणी, पूर्ण वीस मिनिटं, बाकी काही नाही. बर्फसुद्धा नाही. बांगड्या-अंगठ्या सूज यायच्या आत काढायच्या.

गावात मी आणि चुलतभावानं घरोघरी नळ्या बघितल्या. पहिल्याच गल्लीत अकरा घरांपैकी चार घरांतल्या नळीवरची तारीख उलटून गेली होती, एका घरात तर पंपाची हिरवी नळी लावलेली. टाकीच्या कड्याच्या पट्टीवर ए, बी, सी, डी आणि पुढं वर्ष लिहिलेलं असतं, ती टाकीच्या पुढच्या चाचणीची तिमाही, हे एकाही घरात माहीत नव्हतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, तसं पुढं.

नुकसानभरपाईबद्दल दोघांनी निरोपात विचारलं. गॅस कंपन्यांनी अशा अपघातांसाठी विमा उतरवलेला असतो, ग्राहकाला वेगळा हप्ता नसतो. अपघाताची लेखी खबर वितरकाला लगेच द्यावी लागते. आम्ही ती दुसऱ्या दिवशी दिली आणि पोच घेतली. दवाखान्याची बिलं जमवलीत, उडालेल्या पत्र्यांचे आणि कुरतडलेल्या नळीचे फोटो आहेत. नळी फेकू नका म्हणून मी त्याच दिवशी सांगितलं होतं, ती पिशवीत बांधून ठेवलीय. उद्या सकाळच्या गाडीनं ठाण्यात पंचनाम्याची नक्कल आणायला जातोय.